डॉल्फिनांच्या यकृतातील पारा

फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील इंडियन रिव्हर ही केवळ नावाची नदी. वस्तुतः ते सुमारे २५० किलोमीटर लांबीचे खारकच्छ होय. २००३ पासून तेथील डॉल्फिनांची वैद्यकीय तपासणी होऊ लागली. चार्ल्स्टनजवळच्या डॉल्फिनांपेक्षा त्यांच्या रक्तात व त्वचेत पारा कितीतरी अधिक आढळला.

कोळसा जळताना हवेत गेलेला पारा पावसाबरोबर पाण्यात उतरतो. गाळातील जीवाणू त्याचे मिथिल मर्क्युरी या अधिक घातक संयुगात रूपांतर करतात आणि ते माशांमार्फत डॉल्फिनांच्या शरीरात साठत जाते. डॉल्फिनाचे यकृत मात्र मोठे युक्तिबाज! या संयुगाचे विघटन करून ते पाऱ्याचा सेलेनियमशी संयोग घडविते व त्याचे न विरघळणारे कण साठवून ठेवते. साहजिकच वयाबरोबर हा साठा वाढतो. शिवाय, रोगप्रतिकारासाठी आवश्यक असलेले सेलेनियम त्यात अडकून पडते.

किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनांचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अधिक पारा असलेल्या यकृतांत विकारही दिसून आले. तथापि वृद्ध प्राण्यांत पारा आणि व्याधी दोन्ही अधिक असतात. त्यामुळे त्यांतील कार्यकारणसंबंध निश्चित करणे अवघड जाते. पिलांची गोष्ट निराळी. त्यांच्या यकृतात पारा थोडाच असतो, परंतु त्याचा बराच भाग अद्याप मिथिल मर्क्युरीच्याच रूपात असतो.