रिकामे पोट आणि रोजा

"ऑपरेशन सकाळी आठला आहे. रात्री बारानंतर काही खायचे-प्यायचे नाही." हे वाक्य ऐकले नाही असे घर विरळाच. आमच्या घरात ते ऐकू आले तेव्हा रमजानचा महिना सुरू होता.

अम्मीच्या पित्ताशयात खडे होते. वय सत्तरीच्या घरात. आदल्या दिवशी तिने इफ्तारला थोडा भात खाल्ला, रात्री दहाला पेलाभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "तसेही उद्या उपाशीच राहायचे आहे, तर मी रोजाची नीयतच करते." आम्हाला तिचे कौतुक वाटले. कुणीच अडवले नाही.

सकाळी एक तातडीचा रुग्ण आला आणि आठचे ऑपरेशन दुपारवर गेले. बारा वाजेपर्यंत अम्मीची जीभ कोरडी पडली, डोके ठणकू लागले, सलाईन लावायला नर्सला शीर सापडेना. भूल देणारे डॉक्टर आले. तिचे मनगट हातात घेऊन त्यांनी विचारले, "अम्मी, शेवटचे पाणी कधी प्यायलात?"

"काल रात्री दहाला, बेटा."

डॉक्टर आमच्याकडे वळले. "पाणी तर आज सकाळीही चालले असते. हा रोजा नाही. आम्हाला पोट रिकामे हवे असते, शरीर कोरडे नको असते."

त्या एका वाक्याने माझा वर्षानुवर्षांचा गैरसमज गेला. ऑपरेशनआधी उपाशी का ठेवतात? पूर्ण भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्याची नैसर्गिक राखण थांबते. अशा वेळी पोटातले अन्न किंवा आम्ल उलटून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये हा धोका सविस्तर मांडला. पुढे 'रात्री बारानंतर काही नाही' हा नियम सरसकट रूढ झाला. सांगायला सोपा, पाळायलाही सोपा.

पण पोटातून सगळे पदार्थ एकाच वेगाने पुढे सरकत नाहीत. साधे पाणी लवकर जाते, तेलातुपाचे अन्न रेंगाळते. म्हणून अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1999 मध्ये तासांचा हिशेब घालून दिला. आज जगभर थोड्याफार फरकाने तोच चालतो. पाणी, बिनदुधाचा चहा असे पातळ, स्वच्छ पेय भूल देण्याआधी 2 तासांपर्यंत चालते. अंगावरच्या दुधाला 4 तास, हलका आहार आणि वरच्या दुधाला 6 तास, तर तळलेल्या किंवा मांसाच्या जेवणाला 8 तास किंवा त्याहून अधिक.

हा हिशेब आपल्या ताटावर मांडून पाहा. दुधाचा चहा हे 'नुसते पाणी' नव्हे. सेहरीचा पराठा आणि खिमा म्हणजे पूर्ण जेवण. आणि शेजारच्या काकूंनी "आज माझी एकादशी, मी काही जेवले नाही" असे सांगितले, तरी साबुदाण्याची खिचडी खाल्ली का, हे विचारायलाच हवे. शेंगदाण्याचे कूट आणि तूप यांना उपवास कळत नाही. धर्म कोणताही असो, डॉक्टरांना "उपास आहे" एवढे सांगून भागत नाही. काय घेतले आणि किती वाजता, हे सांगावे लागते.

आता दुसरी बाजू. ऑपरेशन म्हणजे शरीराला घडवलेली लांबची पायपीट. तिला कुणी तहानलेले निघत नाही. शरीरात पाणी कमी असेल तर भूल देताना रक्तदाब खाली येण्याची शक्यता वाढते. यकृतातला साखरेचा साठा रात्रभराच्या उपाशीपोटी बराच उतरतो. त्यात ऑपरेशनचा ताण आला की शरीर स्नायू मोडून इंधन मिळवू लागते. वयस्कर माणसाच्या अंगावर आधीच मांस कमी, त्याला उठून चालायला मग आणखी जड जाते. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात रुग्ण लवकर उभा राहावा यासाठी जी पद्धत रुजवली, तिच्यात विनाकारण लांबलेला उपवास टाळण्यालाही जागा आहे.

अर्थात, हे तास सर्वांना सारखे लागू नाहीत. गरोदरपण, जुना मधुमेह, अतिस्थूलपणा, वजन उतरवण्याची इंजेक्शने, आतड्यातला अडथळा यांत पोट सावकाश रिकामे होऊ शकते. मधुमेहाच्या काही गोळ्या तर ऑपरेशनच्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. त्यामुळे निर्णय आपल्या डॉक्टरांचाच. आपण फक्त तीन प्रश्न विचारायचे: शेवटचे जेवण कधी? शेवटचे पाणी कधी? आणि वेळ पुढे ढकलली तर मधे पाणी देता येईल का?

राहिला प्रश्न रोजाचा. कुरआनच्या सूरह बकरामध्ये, जिथे रोजे फर्ज झाल्याचे सांगितले आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला ते इतर दिवशी पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. अल्लाहला तुमची सोय हवी आहे, अडचण नको, असा तिथला आशय आहे. ज्याला पुढेही रोजे झेपणार नाहीत, त्याच्यासाठी फिदयाची वाट आहे. सवलत घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. ती देणाऱ्यावर विश्वास ठेवणे आहे.

अम्मीला हे पटायला दोन दिवस लागले. सलाईन उतरले, ऑपरेशन नीट झाले, चौथ्या दिवशी ती अंगणात चालली. त्या रमजानचे राहिलेले रोजे तिने डॉक्टरांना विचारून डिसेंबरात कजा म्हणून पूर्ण केले. दिवस लहान, हवा थंड. शेवटच्या दिवशी इफ्तारला काकूंनी कुंपणावरून खजुराची वाटी पुढे केली. अम्मीने आधी पाण्याचा पेला उचलला आणि हसून म्हणाली, "डॉक्टरसाहेबांना सांगा, आज वेळेवर प्याले."