संघटनेच्या आतील उतरंड

मुंबईच्या कापडगिरण्यांत 1928 साली सहा महिने चाललेला संप कामगार चळवळीच्या इतिहासात अभिमानाने सांगितला जातो. त्या वेळचा एक प्रश्न मात्र तितक्या आवर्जून सांगितला जात नाही. गिरणीतील विणकाम खाते हे अधिक मजुरीचे खाते. पण अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपण हाती धरणार नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. संपाच्या पुढाऱ्यांनी तो नाखुषीनेच मानला. मालकांनी उत्तर दिले की, ही बंदी काही आम्ही घातलेली नाही. ते उत्तर मालकांच्या सोयीचे होते हे खरे. परंतु ते खोटे होते, असे कोणालाही म्हणता आले नाही.

संघटना मालकाशी भांडते ते सर्वांच्या नावाने. पण त्या 'सर्वां'त कोण कोण आहेत, याचा हिशेब तिच्या दप्तरात क्वचितच सापडतो. वस्तुतः महाराष्ट्रातील कामगार चळवळीचा आरंभ या दृष्टीने आशादायक होता. पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे आणि सत्यशोधक समाजाच्या मुशीतून घडलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 च्या एप्रिलमध्ये मुंबईत भरविलेल्या गिरणी कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्रियांनी भाषणे केली होती. त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. सुट्टी सर्वांना आठवते, त्या दोन बायका कोणाला आठवत नाहीत.

हा वारसा पुढे चालविला गेला तो पुण्यात, आणि तोही कारखान्यांच्या फाटकांपाशी नव्हे तर बाजारपेठेत. डॉ. बाबा आढाव यांनी पन्नाशीच्या दशकात हमाल पंचायत उभी केली, तेव्हा हमालाला मालक असा नव्हताच. आज या दुकानाची पोती, उद्या त्या गाडीची. ज्याला मालक नाही त्याला रजा कोणी द्यावी, भविष्यनिर्वाह निधी कोणी भरावा? 1969 च्या माथाडी कायद्याने हा पेच मंडळाच्या मार्गाने सोडविला. पण हमाल पंचायत कायद्याची वाट पाहत बसली नव्हती, आणि कायदा आल्यावर थांबलीही नाही. 1974 साली सुरू झालेले 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचे केंद्र, हमालनगरातील घरे, ही सारी कामे रूढ अर्थाने युनियनची नव्हेत. सभासदाचे पोट, घर आणि मुलाचे शिक्षण हा संघटनेचाच विषय होय, अशी समजूत त्यांच्या मुळाशी होती.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही याच समजुतीची पुढची पायरी. तिचे नावच पाहावे. त्यात कचरा हा शब्द नाही. आहेत त्या विकाऊ वस्तू, मग त्या वेचणारा कष्टकरी. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकविण्याच्या निमित्ताने वस्त्यांत गेल्या, आणि मुलांच्या आयांचा प्रश्न समोर आला. काही वेचक बायकांना घरोघरचा सुका माल वेगळा मिळू लागला होता, तोच एका व्यावसायिकाने गाडी व माणसे घेऊन तेच काम सुरू केले. बायका रस्त्यावर उतरल्या. मे 1993 मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली, तिला आठशेहून अधिक जण आले, आणि त्यातून संघटना जन्मली.

सभासदांत बहुसंख्या स्त्रियांची, आणि त्याही बहुतेक दलित समाजातील. उकिरड्यावरून हुसकून लावली जाण्याची आणि चोरीच्या संशयावरून चौकीत बसविले जाण्याची त्यांना सवय झालेली. अशा बाईला वेतनवाढीची मागणी शिकवून काय होणार? तिला आधी हवा होता कागदाचा एक तुकडा, ज्यावर तिचे छायाचित्र आहे. संघटनेच्या ओळखपत्रांना 1995-96 च्या सुमारास महापालिकेने मान्यता दिली. शिपाई अडवू लागला की बाई ते कार्ड पुढे करू शकते. कार्यालयात बसणाऱ्यांना या गोष्टीचे मोल एकदम ध्यानात येत नाही. पुढे पतसंस्था आली, कारण अडीअडचणीला सावकाराशिवाय दार नव्हते. भंगाराचे स्वतःचे दुकान आले, कारण काटा व्यापाऱ्याच्या हाती होता. 'अस्वच्छ' व्यवसायांतील पालकांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी, यासाठी भांडण झाले. बालविवाहाविरुद्धही संघटनेने मोहीम चालविली. यातील शेवटचे काम सर्वांत अवघड होते, कारण तेथे समोर व्यापारी नव्हता की महापालिका नव्हती. समोर सभासदच होते.

2001 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात असे दिसले की, एक कचरावेचक दरमहा 246 रुपयांचे काम महापालिकेला फुकट करून देतो. या आकड्याने वाद घालण्याची रीतच पालटली. दया मागणे संपले, देणे मागणे सुरू झाले. वैद्यकीय विम्याचा हप्ता महापालिकेने भरावा, ही मागणी त्यानंतर लवकरच मान्य झाली.

येथपर्यंतची कथा सरळ आहे. गुंता पुढे आहे. 2007 साली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था नोंदविली गेली, 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला, आणि दारोदार कचरा गोळा करून घरटी शुल्क घेण्याचा हक्क वेचकांना मिळाला. कष्टकरी पंचायतीचे सभासद नऊ हजारांच्या आसपास. 'स्वच्छ'मध्ये काम करणारे साडेतीन हजारांच्या घरात. म्हणजे निम्म्याहून अधिक सभासद अद्याप पाठीवर पोते घेऊन फिरतात किंवा भंगार विकत घेतात. ज्यांना घरे मिळाली त्यांतही सारख्या श्रमाचे मोल सारखे नाही. सोसायटीतील शंभर घरांची रद्दी, बाटल्या, वेळेवर शुल्क ही एक कमाई. वस्तीतील शंभर घरांचा ओला कचरा आणि रखडलेले शुल्क ही दुसरी. पन्नाशी ओलांडलेल्या आणि गुडघे गेलेल्या बाईला चार मजले चढवत नाहीत; तिची घरे कोणाला द्यावी, आणि तिला काय द्यावे? निवृत्तिवेतन नाही. सूनच पुढे काम धरते, पण जिला सून नाही तिचे काय?

हे प्रश्न महापालिकेच्या दारात सुटणारे नाहीत. घरांची वाटणी, बदली आणि म्हातारपणाचा आधार यांचा निर्णय प्रतिनिधींनीच वस्तीवस्तीत बसून घ्यावयाचा आहे, आणि तेथे नातेवाईक, शेजारी, जात हे सारे बैठकीला येऊन बसते. शिकलेली कार्यकर्ती नियम लिहून देऊ शकेल. तो नियम आपल्याच नणंदेला लागू करण्याचे धैर्य प्रतिनिधीला एकटीने आणावे लागते. संघटनेच्या सभा लांबतात आणि त्यांत आरडाओरडा होतो, अशी तक्रार ऐकू येते. ज्या संघटनांच्या सभा अर्ध्या तासात शांतपणे संपतात, त्यांच्याविषयी अधिक काळजी वाटावी.

त्यात बाहेरची अस्थिरता आहेच. पहिला करार पाच वर्षांचा होता. तो संपल्यावर दुसरा 2016 मध्ये झाला, तो 2020 अखेर संपला, आणि त्यानंतर थोड्याथोड्या मुदतवाढींवर काम चालविले गेले. गाड्या आणि यंत्रे आणणाऱ्या ठेकेदारांची मागणी डोक्यावर उभी असताना घरे मिळालेल्या सभासदांनी आपली घरे सांभाळावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु करार वाचविण्याच्या मोर्चात पाठीवर पोते असलेली बाईही चालते, आणि त्या कराराच्या एकाही कलमात तिचे नाव नसते. दर नव्या मुदतवाढीच्या वेळी प्रतिनिधींच्या बैठकीत हा विषय कोण काढते, यावर तिची संघटना तिची किती, हे ठरणार आहे.