फ्लॉपीपासून फ्लेक्सपर्यंत: फोटोशॉपची वाटचाल

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९ फेब्रुवारी १९९० रोजी विक्रीला आली. ती फक्त मॅकिंटॉश संगणकावर चाले आणि एका फ्लॉपीत मावे. छायाचित्र संगणकावर सुधारणे, दोन चित्रे बेमालूम जोडणे ही कामे तोवर अतिशय महागडी यंत्रे बाळगणाऱ्या मोठ्या संस्थांपुरती होती. पुढे हेच सॉफ्टवेअर शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्याच्या गावांत फोटो स्टुडिओ, डीटीपी सेंटर आणि फ्लेक्सच्या दुकानांचे रोजचे हत्यार झाले. वाढदिवसाचा बोर्ड, लग्नाचा अल्बम, बैलगाडा शर्यतीचा बॅनर, दशक्रियेची पत्रिका यांतले बरेचसे आज त्याच्याच हाताखालून जाते. या वाटचालीत चित्राची बाजू भराभर सोपी झाली. मराठी अक्षराची बाजू फार काळ अडून राहिली, आणि तो पेच अजून पुरता सुटलेला नाही.

सुरुवात १९८७ सालची. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉल यांच्या मॅकिंटॉश प्लसचा पडदा निव्वळ काळे आणि पांढरे ठिपके दाखवी, मधल्या करड्या छटा नाहीत. ठिपक्यांची दाटी कमीजास्त करून डोळ्याला करडेपणा भासवणारा छोटा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला आणि त्याला ‘डिस्प्ले’ असे नाव दिले. त्यांचे भाऊ जॉन नॉल ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांची दृश्ये घडवणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत होते. हा प्रोग्रॅम पुरा वाढवायला हवा, असा आग्रह त्यांनी धरला. वडील ग्लेन नॉल प्राध्यापक आणि छायाचित्रणाचे शौकीन. घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती. छायाचित्र उजळणे, गडद करणे, रंग तोलणे हे दोघे भाऊ तिथेच शिकले. फोटोशॉपमधल्या ‘डॉज’ आणि ‘बर्न’ या टूलची नावे थेट डार्करूममधून आली आहेत. एन्लार्जरच्या उजेडात हाताची किंवा पुठ्ठ्याची आड धरून चेहरा उजळ करणे हे कृष्णधवल काळातल्या आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांच्याही अंगवळणी पडलेले काम होते.

‘डिस्प्ले’चे ‘इमेजप्रो’ झाले आणि मग ‘फोटोशॉप’. १९८८ मध्ये बार्नीस्कॅन या स्कॅनर कंपनीने त्याच्या सुमारे दोनशे प्रती आपल्या यंत्रांबरोबर दिल्या. त्याच वर्षी अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीशी बोलणी जमली आणि १९८९ मध्ये करार झाला. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१३ मध्ये पहिल्या आवृत्तीचा मूळ कोड खुला केला. तो सुमारे १,२८,००० ओळींचा असून बराचसा पास्कल भाषेत आहे.

१९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत पेन टूल आले आणि छपाईचे चार रंग, म्हणजे सीएमवायके, आले. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा आणि कागदावरचा शाईचा असल्याने पडद्यावर झळझळीत दिसणारा निळा कागदावर जांभळट उमटतो. पत्रिका घ्यायला आलेल्या ग्राहकाची ती नेहमीची तक्रार असते. २.५ ही आवृत्ती विंडोजवर चालू लागली आणि भारतातल्या दुकानांची वाट खरी तिथे मोकळी झाली, कारण इथे मॅकिंटॉश परवडणारे थोडेच होते. प्रोग्रॅम उघडताना क्षणभर दिसणाऱ्या नावांच्या यादीत सीतारामन नारायणन हे भारतीय अभियंत्याचे नाव वर्षानुवर्षे झळकत आले.

सर्वांत मोठा बदल १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीतला. त्यात लेअर आले. त्याआधी एका चित्रावर दुसरे ठेवून निवड सोडली की दोन्ही एकजीव होत. चूक सापडली तर काम पुन्हा पहिल्यापासून. लेअरमुळे प्रत्येक घटक काचेच्या वेगळ्या तावावर राहावा तसा सुटा राहू लागला. गावातला वाढदिवसाचा फ्लेक्स बनतो तो याच सोयीवर. तळाला भगवी किंवा निळी पार्श्वभूमी, तिच्यावर किल्ला किंवा ग्रामदैवत, मध्ये उत्सवमूर्तीचा पेन टूलने कडेकडेने कापलेला फोटो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची ओळ आणि सर्वांत वर मॅटर. ऐन वेळी एखाद्या शुभेच्छुकाचे नाव राहिल्याचा फोन आला, तरी बाकीच्या चेहऱ्यांना धक्का न लावता नवा फोटो ओळीत बसवता येतो. तयार पीएसडी, म्हणजे लेअर सुटे ठेवणाऱ्या फोटोशॉपच्या फायलींचे, नमुने घेऊन त्यात फक्त चेहरे आणि नावे बदलण्याची पद्धतही यातूनच रुळली. पेंटरकडून कापडावर रंगवून घेतलेल्या बॅनरची जागा फ्लेक्सने इतक्या वेगाने घेतली, त्यात छपाईच्या यंत्राइतकाच वाटा या सुट्या थरांचा आहे.

१९९८ च्या पाचव्या आवृत्तीत अनेक पावले मागे जाण्याची सोय झाली. मार्च २००२ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि ती आपल्याकडे घट्ट रुजली. कमी ताकदीच्या संगणकावरही ती चाले. एमएस-सीआयटी झालेली मुले पुढची पायरी म्हणून डीटीपीच्या क्लासला जात, तेव्हा पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांच्या जोडीला फोटोशॉप असेच. वापरातल्या कितीतरी प्रती विनापरवाना होत्या, हेही नोंदवायला हवे. मूळ किंमत तालुक्याच्या दुकानाच्या आवाक्याबाहेरची होती.

सातव्या आवृत्तीतला हीलिंग ब्रश खेड्यापाड्यांतल्या घरांपर्यंत पोहोचला तो दिवंगतांच्या तसबिरींमधून. आजोबांचा एकच फोटो असायचा, तोही कुठल्याशा ग्रुप फोटोतला, कपाळावरून घडी गेलेला, बुरशीचे डाग पडलेला. आधीच्या क्लोन स्टॅम्पने शेजारचा भाग जसाच्या तसा उचलून डागावर ठेवला जाई आणि ठिगळ दिसे. हीलिंग ब्रश शेजारच्या त्वचेचा पोत उचलतो आणि रंग व उजेड ज्या जागी ठेवायचा तिथले धरतो. त्यामुळे घडी नाहीशी होते आणि सुरकुती राहते. चांगला कारागीर इथेच ओळखू येतो. तो डाग काढतो, वय काढत नाही.

फ्लेक्सला आकाराचीही अडचण होती. २००३ पर्यंत फोटोशॉपमधल्या चित्राची कोणतीही बाजू ३०,००० पिक्सेलपेक्षा मोठी करता येत नसे. वीस फुटी बोर्ड म्हणजे २४० इंच. पत्रिकेसारखे इंचाला ३०० ठिपके धरले तर ७२,००० पिक्सेल होतात, इंचाला ७२ धरले तर १७,२८०. बोर्ड लांबून पाहायचा असल्याने दुसरा हिशेब पुरतो. ऑक्टोबर २००३ मध्ये आलेल्या ‘सीएस’ आवृत्तीने ही मर्यादा ३,००,००० पिक्सेलवर नेली.

आता अक्षराकडे. देवनागरी यंत्रात बसवण्याची खटपट दौंड तालुक्याला नवी नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता आणि तिथल्या स्त्रिया खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथेच छापले गेले; १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर १९२४ मध्ये ते पूर्ण प्रसिद्ध झाले. शिशाच्या खिळ्यांत अर्धी अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या वेगवेगळ्या घडवून त्या शेजारी मांडाव्या लागत.

संगणकावरच्या पहिल्या मराठी फाँटनी नेमके हेच केले. इंग्रजीसाठी राखलेल्या जेमतेम अडीचशे घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही या व्यवस्थेची आपल्याकडची ठळक नावे. फोटोशॉपच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असल्याने मराठी मजकूर सुबक उमटे. अडचण फाँट बदलला की कळे. ज्या संगणकावर तो फाँट नाही, तिथे सारे मॅटर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गिचमिडा होऊन समोर येई. म्हणून कोरलड्रॉमध्ये मजकूर टाइप करायचा, त्याचे कर्व्ह करायचे आणि मग ती आकृती फोटोशॉपमध्ये आणायची, असा शिरस्ता पडला. कर्व्ह झालेले अक्षर हे नुसते चित्र असते. त्यातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा तर सगळी ओळ पुन्हा टाइप करावी लागते. गावोगावच्या फलकांवर चुकीचे शुद्धलेखन तसेच राहून जाते, त्याला हेही एक कारण आहे.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. विंडोज २००० बरोबर मंगल हा देवनागरी फाँट आला. तो ज्येष्ठ सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. फोटोशॉपला मात्र देवनागरीची जुळणी येत नव्हती. ‘शिक्रापूर’ हे नाव युनिकोडमध्ये टाइप केले, तर वेलांटी ‘श’च्या आधी न जाता मागे लटके आणि ‘क्र’ न जुळता ‘क’चा पाय मोडून ‘र’ वेगळा उभा राही. ‘दौंड’ त्यातल्या त्यात बरे दिसे, कारण त्यात काही मागेपुढे करावे लागत नाही. शिरूर तालुक्यातल्या डिझायनरने युनिकोडचा नाद सोडून जुन्या फाँटकडे परतावे, यात नवल नव्हते.

याच काळात जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर पुढे होते. १९९६ मध्ये लोकांसमोर आलेल्या जिम्पच्या २००४ मधल्या २.० आवृत्तीने अक्षरजुळणीसाठी पँगो ही प्रणाली घेतली आणि युनिकोड देवनागरी तिच्यात नीट जुळू लागली. पण दुकानांतले नमुने पीएसडीत, छपाईची सवय सीएमवायकेची आणि हात फोटोशॉपला बसलेला. मराठी बरोबर लिहिणारे साधन फुकट मिळत असताना ते बाजूला पडले, ही खेदाचीच गोष्ट.

फोटोशॉपने भारतीय लिप्यांची सोय दिली ती २०१३ नंतरच्या क्रिएटिव्ह क्लाउड आवृत्त्यांत. त्याच सुमारास अ‍ॅडोबीने खोकाबंद विक्री थांबवून वर्गणी सुरू केली. त्यामुळे जुन्या प्रतींवर काम करणाऱ्यांपर्यंत ही सुधारणा पोहोचलीच नाही. फाँटचा तुटवडा तरी आता उरलेला नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे फाँट मोफत मिळतात आणि फलकांवर शोभूनही दिसतात.

छोटी कामे आता मोबाइलवर गेली आहेत. स्नॅपसीड आणि पिक्सआर्ट ही अ‍ॅप २०११ पासून आहेत, पुढे कॅनव्हाही आले. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शुभेच्छांसाठी दुकानात जावे लागत नाही; मोठा फ्लेक्स, अल्बम आणि तसबीर एवढे दुकानाकडे उरले आहे. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे जनरेटिव्ह फिल आले. बोर्डाची पार्श्वभूमी वाढवायला ते उत्तम. फाटलेल्या फोटोतला चेहरा भरायला मात्र ते वापरू नये. जो डोळा फोटोत उरलेला नाही, तो संगणक स्वतःच्या मनाने काढतो, आणि घरात लागते ती तसबीर आजोबांची नसते.

दुकानांच्या हार्ड डिस्कवर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या जत्रा, निवडणुका, लग्ने आणि श्रद्धांजल्या साठलेल्या आहेत. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टर आज सहज मिळतात. डिझायनरांनी निदान महत्त्वाच्या फायलींचे मॅटर बदलून ठेवावे आणि मूळ लेअर एकजीव न करता जपावेत. ग्राहकांनी छापील प्रतीबरोबर आपली पीएसडी फाइलही मागून घ्यावी.