जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन : पुन्हा बांधावे की सोडून द्यावे?

जुनी स्पोर्ट्स कार निळसर धूर सोडू लागली, ऑइल पिऊ लागली किंवा इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले, की गॅरेजमधून बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘इंजिन उघडावे लागेल.’ पाठोपाठ खर्चाचा अंदाज येतो आणि तो कित्येकदा गाडीच्या बाजारभावाला जाऊन भिडतो. हा खर्च करावा की नाही, याचे उत्तर गाडीच्या वयात नसते. नेमके काय बिघडले आहे, सुटे भाग आणि जाणकार कारागीर उपलब्ध आहेत का, आणि मालक ती गाडी पुढे किती वर्षे ठेवणार आहे, या तीन प्रश्नांत ते दडलेले असते.

पोर्शेचा धडा

या हिशेबाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९९७मध्ये आलेली पोर्शे ९११, म्हणजेच ‘९९६’ ही पिढी. पाण्याने थंड होणारे इंजिन असलेली ही पहिली ९११. तिच्या सर्वसाधारण आवृत्त्यांत आणि त्या काळच्या बॉक्स्टरमध्ये ‘एम ९६’ या मालिकेचे सहा सिलिंडरचे इंजिन होते. क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवणाऱ्या मधल्या शाफ्टला त्यात एका सीलबंद बॉल बेअरिंगचा आधार असतो. काळाच्या ओघात या बेअरिंगमधील ग्रीस नाहीसे होते. बेअरिंग तुटले, तर धातूचे कण ऑइलबरोबर सर्वत्र पसरतात, कॅमचे टायमिंग चुकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. सर्वच इंजिनांत असे घडत नाही. पण घडले की दुरुस्ती इंजिनाच्या संपूर्ण पुनर्बांधणीवर जाते. ब्रिटनमधील तज्ज्ञ कार्यशाळांत हा खर्च दहा हजार पौंडांच्या पलीकडे सहज जातो.

विशेष म्हणजे हेच बेअरिंग वेळेत बदलले, तर काम त्या मानाने अल्प खर्चात भागते. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि क्लच बदलतानाही तो उतरवावाच लागतो. म्हणून जाणकार मालक दोन्ही कामे एकदमच उरकून घेतात. त्याच पिढीच्या टर्बो आणि जीटी३ या आवृत्त्यांत हान्स मेट्झगर यांच्या परंपरेतील निराळे इंजिन असल्याने तेथे हा दोष नाही. म्हणजेच मॉडेल आणि वर्ष एकच असले, तरी बोनेटखाली किंवा मागच्या झाकणाखाली कोणते इंजिन आहे, यावर सारा हिशेब पालटतो.

गोव्यात बनलेली गाडी

दुसरे टोक आपल्या घरातले आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस आलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लास बॉडीची, दोन आसनांची उघडी मोटार गोव्यात तयार झाली. तिच्यात रेनॉचे ११४९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे साधे चार सिलिंडरचे इंजिन आहे. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचे फेसिंग ही कामे कोणत्याही चांगल्या मशीन शॉपला नवीन नाहीत. अडचण येते ती सुट्या भागांची. हेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत होते. पण त्या गाड्या भारतात विकल्या गेल्या नाहीत. त्यामुळे पिस्टन, रिंग, गास्केट बाहेरून मागवण्याची तयारी ठेवावी लागते. पोर्शेच्या बाबतीत भाग मिळतात, पण महाग. येथे काम सोपे, पण भागांची वाट पाहावी लागते. म्हणून भागांची यादी आणि त्यांची किंमत हाती आल्याशिवाय इंजिन उघडणे शहाणपणाचे नाही. उघडून महिनोन्महिने पडलेले इंजिन दमट हवेत गंजते आणि खर्च वाढवते.

आधी मोजमाप, मग पाना

धूर दिसला म्हणजे इंजिन संपले, असे नव्हे. प्रथम प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे. एखाद्याचे कमी भरल्यास त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वर गेला, तर दोष रिंग किंवा सिलिंडरच्या भिंतीत. न गेला, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केटमध्ये असण्याची शक्यता अधिक. त्यानंतर सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कोठून निसटते ते पाहावे. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गास्केट दोषी. जुना ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, हेही पाहावे. या तपासण्यांचा खर्च पुनर्बांधणीच्या तुलनेत नगण्य असतो. दोष केवळ व्हॉल्व्हच्या सीलमध्ये किंवा हेडमध्ये निघाला, तर गॅरेजच्या भाषेतील ‘फुल इंजिन’ कामाची गरजच उरत नाही.

कागदपत्रांचा हिशेब

पुनर्बांधणीऐवजी दुसरे इंजिन बसवणे स्वस्त वाटते. परंतु आरसीवरील इंजिन क्रमांक मग जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या कक्षेत येणारा हा बदल वाहतूक खात्याकडे रीतसर नोंदवावा लागतो. मूळ ब्लॉक राखल्यास क्रमांकही टिकतो आणि संग्राहकाच्या दृष्टीने गाडीचे मोलही. नोंदणी नूतनीकरणाचे शुल्कही विसरून चालणार नाही. २०२५मधील केंद्रीय नियमबदलानंतर २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते १० हजार रुपये, तर आयात केलेल्या चारचाकीसाठी ८० हजार रुपये झाले आहे. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुने रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नसल्याने तेही याच कामात बदलून घेणे हिताचे.

मग परवडते कधी?

समजा, पुनर्बांधणीला चार लाख रुपये लागले. गाडी आणखी दहा वर्षे वापरली, तर वर्षाला ४० हजार रुपये पडतात. दोन वर्षांत विकली, तर दोन लाख. विक्रीच्या वेळी हा खर्च पूर्ण वसूल होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. विकण्यासाठी म्हणून इंजिन बांधणे क्वचितच फायद्याचे ठरते. ठेवण्यासाठी बांधणे मात्र अनेकदा योग्य असते. त्यातही बॉडी, चासी आणि वायरिंग धड असेल, तरच. गंजलेल्या चासीत नवे इंजिन बसवणे म्हणजे पडक्या घराला नवे दार लावण्यासारखे आहे.

निर्णय झालाच, तर बिघाडाचे मूळ कारण सापडल्याशिवाय इंजिन पुन्हा जोडू देऊ नये. ऑइल पंप कमजोर असेल किंवा रेडिएटर तुंबलेला असेल, तर नवे पिस्टनही त्याच वाटेने जातील. बोअर, क्रँक आणि क्लिअरन्स यांची मापे लेखी घ्यावीत, बदललेले भाग परत मागावेत, आणि पहिले हजार-दीड हजार किलोमीटर गाडी सबुरीने चालवून ऑइल लवकर बदलावे. एवढे करूनही पैसे वसूल होणार नाहीत कदाचित. पण तोच खर्च दुसऱ्यांदा करण्याची वेळ बहुधा येणार नाही.