भात शिजतो, कारवी शिजत नाही

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जुनी घरं कुडाची. कारवीच्या काठ्यांवर माती आणि शेण लिंपायचं, वरून गेरू सारवायचा. लग्नात त्याच भिंतीवर वारली बायका बांबूच्या काडीने, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात पालघट देवीचा चौक लिहितात. रासायनिक बंध समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तांदळातला स्टार्च आणि कारवी-बांबूतला सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फरक एवढाच, की दोन ग्लुकोजना सांधणारा सहसंयुज बंध कुठल्या बाजूला वळलेला आहे. स्टार्चमध्ये तो अल्फा प्रकारचा असतो. साखळी मळसूत्रासारखी वळत जाते, तिला फांद्याही फुटतात. या सैल रचनेत गरम पाणी शिरतं, दाणा फुगतो, भात होतो. सेल्युलोजमध्ये बंध बीटा प्रकारचा. प्रत्येक पुढचं ग्लुकोज आधीच्याच्या उलट बसतं, म्हणून साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात. सुटा हायड्रोजन बंध दुबळाच, सहसंयुज बंधाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी ताकदीचा. पण साखळीभर ते इतके असतात, की पाण्याला साखळ्या सुट्या करता येत नाहीत. लिग्निन या कडक पदार्थाची जोड मिळाली, की काठी घर तोलते.

आपल्या लाळेतलं अमायलेज अल्फा बंध तोडतं, बीटापुढे ते हतबल. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव बीटाही तोडतात, मात्र सगळे बंध तुटत नाहीत. उरलेले तंतू शेणातून भिंतीवर येतात आणि सुकणाऱ्या मातीला धरून ठेवतात, तडे कमी जातात. ज्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या वापरलं, त्यांची पारख थक्क करणारी आहे.

गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. त्यातली लोह-ऑक्सिजनची पकड पाण्याला सुटत नाही, म्हणून तो विरघळत नाही आणि उन्हात सहसा विटतही नाही. पांढरा रंग मात्र नाजूक. पिठातलं पाणी उडालं, की स्टार्च हायड्रोजन बंधांनी मातीला चिकटतो. ओल आली, की तेच बंध पाण्याशी जुळतात आणि रेघ सुटते. डिंक घातला तरी तोही शर्करांचाच बनलेला, पाण्यात विरघळणारा.

जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, 2011) यांच्यासारख्या कलावंतांनी ही चित्रं कागदावर आणि कापडावर आणली. आज विक्रीच्या कापडावर बरेचदा ॲक्रिलिक रंग असतो. सुकताना त्याचे कण एकजीव होऊन पापुद्रा धरतात. त्याच्या लांब साखळ्यांचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असतो आणि पाण्याला धरायला त्यात फारशा जागा नसतात, म्हणून ते कापड धुता येतं.