जुन्या पिकअपची बैठक

जुनी पिकअप पुन्हा उभी करताना सगळ्यात जास्त अडवते ती सीट. पिस्टनच्या रिंगा, ब्रेकचे रबर अजून बाजारात मिळतात. न मिळणारा एखादा भाग लेथवर करून घेता येतो. सीटचे तसे नाही. चालकाचे वजन, घाम, उघड्या बाजूने येणारा पाऊस आणि दुपारचे ऊन हे सगळे तिच्यावरच येते, त्यामुळे पन्नास वर्षांच्या गाडीत मूळ सीट शिल्लक असणे विरळाच. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गोठ्याशेजारी किंवा आंब्याखाली उभ्या राहिलेल्या गाडीच्या सीटचा चार पावसाळ्यांत लगदा होतो आणि खालची लोखंडी चौकट पापुद्र्यांनी सुटू लागते.

या गाड्यांचा मुंबईशी जुना संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढून शेव्हरले गाड्या जुळवायला सुरुवात केली. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पुढे कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक बनवले. महिंद्राने आधी विलीज जीप जुळवली, मग ती इथेच बनवली आणि १९६५ साली एफसी-१५० ही चपट्या तोंडाची पिकअप आणली. मुंबई-आग्रा रस्ता शहापुरावरून जातो, कल्याण-नगर रस्ता मुरबाडवरून माळशेज घाटाकडे चढतो. भाताची पोती, गवताच्या पेंढ्या, भाजी आणि माणसे वाहून नेणाऱ्या जुन्या गाड्यांत महिंद्राच्या जीपच्या घराण्यातल्या गाड्याच जास्त, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्यांना धरून आहे.

सीट शोधण्याआधी ती मूळची कशी होती हे ठाऊक हवे. जुन्या अमेरिकन पिकअपमध्ये केबिनच्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जाणारी सलग बाकासारखी सीट असे. आत गोल स्प्रिंगांच्या रांगा, त्यावर तरट, त्यावर कापूस आणि वरून रेक्झिन. सीजे-३बी जीपची पुढची सीट याहून साधी, वाकवलेल्या पाइपाच्या चौकटीवर बसवलेली, आणि चालकाच्या सीटखालीच पेट्रोलची टाकी. एफसी-१५० मध्ये इंजिन केबिनमध्ये शिरलेले असल्याने दोन सीटांच्या मधोमध त्याचे झाकण येते. तिथे दोन्ही बाजूंच्या सीट अरुंद राहतात आणि इंजिनाची धग त्यांच्या आतल्या कडांना लागते. त्या बाजूचे रेक्झिन आधी कडक होते, ते यामुळेच.

सीट मिळवण्याचे मार्ग तसे मोजकेच आहेत. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्याच जातीच्या भंगारात निघालेल्या गाडीची चौकट. सरकारी खात्यांत जीपगाड्या वर्षानुवर्षे चालल्या आणि लिलावात निघाल्या. त्यांचे सांगाडे गॅरेजांच्या मागच्या अंगणात अजून दिसतात. मुंबईत कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार आणि चोर बाजार ही पाहण्याची ठिकाणे आहेत. जीप पुन्हा बांधण्याच्या धंद्यासाठी हरियाणातले मंडी डबवाली प्रसिद्ध आहे. भंगारात सीट पाहताना वरचे कव्हर बघण्यात अर्थ नसतो. सीट उलटी करून पाइपाचे वाक, बोल्टची भोके आणि स्प्रिंगा पाहाव्यात. गंजाने खालचा एखादा पाइप कुजला असेल तर तो बदलता येतो. पिळवटलेली चौकट मात्र घेऊ नये, कारण ती जमिनीवर सपाट बसत नाही.

दुसरा मार्ग सोपा वाटतो म्हणून फार वापरला जातो, तो म्हणजे बोलेरोची किंवा एखाद्या मोटारीची सीट आणून बसवणे. बसायला ती मऊ असते, पण जीपच्या फरशीवर बहुधा उंच होते, स्टिअरिंग मांड्यांना लागते आणि चालकाची नजर काचेच्या वरच्या पट्टीला भिडते. ती बसवायला फरशीचा पत्रा कापावा लागत असेल तर तो मार्ग सोडून द्यावा. सीट पुन्हा कधीही बदलता येते, कापलेली फरशी पूर्ववत करणे फार अवघड.

उरतो तिसरा मार्ग, असेल ती सीट नव्याने बांधण्याचा. शहापूर-मुरबाडकडे तो अजिबात अवघड नाही. टेम्पो, जीप, ट्रॅक्टर आणि दुचाकींच्या सीट भरणारे कुशनवाले तालुक्याच्या बाजारपेठेत असतात. आसनगाव आणि मुरबाड एमआयडीसीच्या आसपास पाइप वाकवणारे, वेल्डिंग करणारे कारागीर मिळतात. फोम, रेक्झिन आणि सोफ्याच्या स्प्रिंगांसाठी उल्हासनगरचा फर्निचर बाजार कल्याणच्या वाटेवरच आहे.

काम सुरू होते ते सीट उसवण्यापासून, आणि इथे घाई सर्वांत महाग पडते. जुने कव्हर फाडून फेकायचे नसते. शिवण ब्लेडने उसवून प्रत्येक तुकड्यावर खडूने त्याची जागा लिहावी: डावी बाजू, पुढची पट्टी, पाठीचा वरचा भाग. नवे कव्हर बेतायला याहून खात्रीचा साचा नाही. उसवताना एकाखाली एक कव्हरे निघतात. वरचे चौकडीचे, त्याखाली एखादे तपकिरी, आणि अगदी तळाशी, चौकटीच्या दुमडीत चुकांनी ठोकलेला मूळ रेक्झिनचा हिरवट किंवा राखाडी बोटभर तुकडा. हा तुकडा जपून ठेवावा. उन्हापासून लपलेल्या या तुकड्यावरच मूळ रंग आणि कापडाची वीण खरी कळते.

चौकटीचा गंज घालवण्यासाठी मळीचा उपाय चांगला. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात लोखंड आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवले की गंज सुटतो आणि धड लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. वास मात्र असा येतो की पिंप घरापासून लांबच ठेवावे. स्प्रिंगांना तीव्र आम्ल कधीही लावू नये. आम्लातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताण असलेली स्प्रिंग पुढे अचानक तुटते. तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंगही करू नये, कारण तापलेल्या जागी पोलादाचे पाणी उतरते आणि शेजारीच ती पुन्हा मोडते. ती बदलणे हाच इलाज. नागमोडी स्प्रिंग सोफ्याची चालते, पण तार जुन्याइतकी जाड आहे ना हे पाहून घ्यावे. चौकटीला वेल्डिंग करायचे झाले तर ती गाडीतून पूर्ण काढूनच. खाली पेट्रोलची टाकी असलेल्या गाडीत याला अपवाद नाही.

स्प्रिंगांवर थेट फोम ठेवला तर तार त्याला महिन्याभरात कापू लागते. म्हणून आधी जाड तरट किंवा कॅनव्हास ताणून स्प्रिंगांना सुतळीने टाचतात. भरावासाठी आज सगळीकडे फोमच सुचवला जातो. एवढ्या पावसाच्या मुलखात मात्र खाली रबर लावलेला काथ्या आणि वर फोमचा पातळ थर हीच रचना योग्य. काथ्यातून पाणी निथळते, हवा खेळते. साधा फोम पाणी धरून ठेवतो आणि ते चौकटीवर झिरपत राहते. फोम चाळीस डेन्सिटीच्या आसपासचा घ्यावा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोग्रॅममधले वजन. त्यावरून तो किती टिकेल याचा अंदाज येतो, तो मऊ की कडक हे मात्र हाताने दाबूनच कळते. जाडी ठरवताना चालकाला कच्च्या भरावावर बसवून स्टिअरिंग आणि मांडीतले अंतर पाहावे, क्लच पूर्ण दाबून पाहावा. कव्हर शिवल्यावर इंचभर उंची जास्त झाल्याचे कळले तर सगळे पुन्हा उसवावे लागते.

रेक्झिनचा पन्हा साधारण चोपन्न इंच असतो. जुन्या कव्हरचे तुकडे त्यावर मांडून, अर्धा इंच शिवणीसाठी सोडून कापायचे. फार चकचकीत, जाड नक्षीचे रेक्झिन जुन्या गाडीला परके दिसते. बारीक दाण्याचे, मंद रंगाचे शोधावे. शिवण नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने, इंचाला सहा-सात टाके. टाके याहून दाट घातले तर भोकांची रांग तयार होते आणि रेक्झिन त्या रेषेवर फाटते. चांगला कुशनवाला कव्हर आधी उन्हात ठेवून मऊ करतो, मग पुढची कड अडकवून दोन्ही हातांनी सुरकुत्या मागे रेटत नेतो आणि शेवटी मागच्या दुमडीत तारेच्या कड्या दाबतो. कोपऱ्यावर पायपिंग सरळ धावले की हात तयार असल्याचे कळते.

हे सगळे काम दिवाळी ते मे या काळात उरकावे. पावसाळ्यात गंज काढलेली चौकट एका रात्रीत पुन्हा तांबूस होते आणि दमट हवेत फोम चिकटवायचे सोल्यूशन नीट धरत नाही.

बसवताना जुने बोल्ट वापरू नयेत; फरशीच्या पत्र्याखाली रुंद वॉशर द्यावे. सीटबेल्ट लावायचा असेल तर तो सीटच्या पाइपाला न बांधता खालून पोलादी पट्टीने मजबूत केलेल्या जागी बांधावा.

कागदपत्रांची बाजूही आहे. २०२१ साली मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र गाडी खासगी वापराची आणि मूळ रूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या पिकअपच्या मालकाने खासगी वापराची अट सीटवर खर्च करण्याआधीच तपासून घ्यावी.

बांधलेली सीट टिकवायला फार लागत नाही. रेक्झिन साबणाच्या पाण्याने पुसावे. रॉकेल किंवा डिझेलने क्षणभर चमक येते, पण त्यातला मऊपणा निघून जातो. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर गाद्या काढून माळ्यावर उभ्या ठेवाव्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नयेत, आणि उंदरांना काथ्या फार आवडतो म्हणून महिन्यातून एकदा उलटून पाहाव्यात.