अॅम्ब्युलन्समधून आलेले सगळेच डॉक्टर असतात का?

छातीत दुखतंय, घाम फुटलाय. घरच्यांनी फोन केला आणि अॅम्ब्युलन्स आली. आता रुग्णाला जागेवर कोणते उपचार मिळणार? ते ठरतं आलेल्या व्यक्तीचं प्रशिक्षण किती आणि तिला काय करायची परवानगी आहे, यावर.

अमेरिकेत या कर्मचाऱ्यांच्या चार पातळ्या आहेत. राज्यागणिक नियम थोडे बदलतात, पण ढाचा एकच.

१. इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर: साधारण ५० ते ६० तासांचं प्रशिक्षण. अनेकदा हे काम अग्निशमन दलाचे जवान किंवा पोलीस करतात, कारण ते आधी पोहोचतात. रक्तस्राव थांबवणं, हृदय बंद पडल्यास छाती दाबणं (सीपीआर) आणि यंत्राने विजेचा झटका देणं हे त्यांचं काम.

२. ईएमटी: साधारण १५० ते २०० तास. छातीत दुखणाऱ्या रुग्णाला अॅस्पिरिन देणं, गरज असल्यास ऑक्सिजन लावणं आणि सुरक्षितपणे रुग्णालयात नेणं.

३. अॅडव्हान्स्ड ईएमटी: शिरेतून सलाईन आणि काही मोजकी औषधं देऊ शकतात.

४. पॅरामेडिक: हजाराहून अधिक तास. ईसीजी वाचून हार्ट अटॅक ओळखतात आणि रुग्णालयाला आधीच कळवतात. श्वासनलिकेत नळी घालणं, अनेक प्रकारची औषधं देणं हेही करतात. पण तेही डॉक्टर नसतात. डॉक्टरांनी आखून दिलेल्या नियमांतच काम करतात.

महाराष्ट्रात काय?

२०१४ साली सुरू झालेल्या १०८ सेवेने वेगळी वाट निवडली. इथे अॅम्ब्युलन्समध्ये डॉक्टरच ठेवले गेले, त्यांत बरेचसे आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर. इथे पातळ्या आहेत त्या गाड्यांच्या: सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ 'अॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट'च्या, म्हणजे व्हेंटिलेटरसारखी साधनं असलेल्या, आणि ७०४ 'बेसिक लाइफ सपोर्ट'च्या. म्हणून १०८ वर बोलताना रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का, हे नीट सांगा. कोणती गाडी पाठवायची, हे त्यावरून ठरवता येतं.

मग सर्वांत महत्त्वाचं कोण?

हृदय बंद पडलं, तर सीपीआर आणि विजेच्या झटक्याविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. गाडी कितीही सुसज्ज असली, तरी पहिल्या मिनिटांत रुग्णाजवळ असतो तो घरातला किंवा शेजारचा माणूस. चार पातळ्यांच्या आधीची पायरी तीच. सीपीआर शिकायला काही तास पुरतात.